तीनशे पिशव्या माती

८ जानेवारी, सोमवार

पत्र आलं. एकदा वाचलं तेव्हा खरंच वाटलं नाही, पुन्हा वाचलं तेव्हा राग आला, आणि नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे अजून पन्नास दिवस आहेत की!" घराला आग लागली तरी हा माणूस म्हणेल, विहिरीत पाणी आहे की!

सगळं नीट लिहून ठेवते, म्हणजे डोकं जरा थंड होईल. दोन वर्षांपूर्वी परदेशातल्या मदत करणाऱ्या संस्थेने आमच्या भागाला माती तपासायचं यंत्र दिलं. सरकारने खोली दिली, वीज दिली आणि कंत्राटावर मला दिलं. आता पत्रात म्हटलंय की २८ फेब्रुवारीपर्यंत एकूण तीनशे शेतांची माती तपासून अहवाल पाठवा. तसं झालं तर संस्था तीन वर्षं शेतांसाठी चुना आणि खत देणार, आणि सरकार प्रयोगशाळा आपल्या खर्चात घेणार. म्हणजे मी कायम. नाही झालं तर यंत्र खोक्यात, खोकं राजधानीत आणि मी घरी.

दोन वर्षांत किती शेतांची माती आली? सदतीस. सरकारने सात हजार पत्रकं पाठवली, दोन लोखंडी कपाटं पाठवली, एक मोठा फळा पाठवला. माती चाळायला साधी चाळणी मात्र नाही. ती शेवटी नवऱ्याने करून दिली, त्याच्या मोटार-दुरुस्तीच्या दुकानातल्या जाळीची.

जेवताना सासूबाईंनी विचारलं, "किती झाले?"

"सदतीस."

"आणि हवेत किती?"

"तीनशे."

"अरे देवा," असं म्हणून त्यांनी भाताचं भांडं माझ्याकडे सरकवलं. मनातून आनंद झाला असणार. दोन वर्षं ऐकतेय मी, लोकांची माती चिवडायला एवढं शिकलीस का म्हणून. त्यांना मी घरात हवी आहे, चुलीपाशी. होईल आता त्यांच्या मनासारखं.

११ जानेवारी

तीन दिवस सायकलवर हिंडले. पायांचे तुकडे पडले. जो भेटेल तो म्हणतो, "बघू." या "बघू"वर सरकारने कर लावायला हवा, सगळी प्रयोगशाळा त्यावर चालेल.

छत्रीवाले काका भेटले. ऊन असो, नसो, यांच्या हातात छत्री. गेल्या वर्षी आमच्याकडे माती आणणाऱ्यांपैकी एक. म्हटलं, "काका, तुमचं दुसरं शेत आहे ना, त्याची आणा की." तर चक्क छत्री आडवी धरून तोंड लपवून गेले! माणसं अशी विचित्र वागतात कधी कधी.

दुपारी प्रयोगशाळेच्या दारातला फळा पुसून सगळे निकाल पुन्हा सुबक लिहिले. शेतकऱ्याचं नाव, शेत, निकाल. चांगली माती हिरव्या खडूने, वाईट लाल खडूने. लाल बरेच झाले, पण उठून दिसतात. येणाऱ्याजाणाऱ्याला कळायला नको का, आपल्याला काय सेवा मिळतेय ते?

१४ जानेवारी, रविवार

घरीच. सासूबाई सकाळपासून परसात खणतायत. त्यांच्या भाजीच्या वाफ्यात, तिथे आम्हाला पाऊल टाकायची परवानगी नाही. तीस वर्षं घरातली सालं, राख, टरफलं, सगळं त्या वाफ्याच्या पोटात जातंय. विचारलं तर म्हणाल्या, "पाण्याचा निचरा होत नाही." मी म्हटलं, मी सांगू का निचऱ्याचं, माझं शिक्षण त्यातलंच आहे. तर म्हणाल्या, "तू तुझे तीनशे बघ."

बोचरं बोलायचं तर यांच्याकडून शिकावं.

१७ जानेवारी

सहा! एका दिवसात सहा पिशव्या! आणि त्यातली एक छत्रीवाल्या काकांची. पिशवी टेबलावर ठेवली आणि छत्री उघडून निघून गेले. माझी पत्रकं शेवटी कुणीतरी वाचली म्हणायची.

१९ जानेवारी

आज अकरा. मला तर नाचावंसं वाटलं, आणि दार लावून थोडी नाचलेही.

माती काय सुंदर आहे! काळीभोर, भुसभुशीत, हातात घेतली की सोडवत नाही. यंत्रात घातली की सामू सहा पूर्णांक आठ. सामू म्हणजे माती आंबट आहे की अल्कधर्मी त्याचं माप, आणि सहा पूर्णांक आठ म्हणजे पिकांची चंगळ. अकराच्या अकरा तशाच. मला वाटलं यंत्र बिघडलं. पुन्हा जुळवून पाहिलं, ठणठणीत आहे. मग पहिल्या सदतीसांत एवढे लाल कसे आले? तेव्हा माझा हात बसला नसणार, दुसरं काय.

एक गंमत. जवळजवळ प्रत्येक पिशवीत अंड्याच्या टरफलांचे बारीक तुकडे सापडतात. आमचे शेतकरी केवढे जागरूक झालेत! अहवालात वेगळा परिच्छेद लिहिणार आहे.

२५ जानेवारी

एकशे बारा झाले. घरी आले तर परसदारी चार बायका आणि दोन बाप्ये सासूबाईंशी कुजबुजत होते. मला पाहून सगळे गप्प. माझ्याबद्दलच चाललं असणार. खड्डा आता गुडघाभर झालाय. नवऱ्याला म्हटलं, तुमच्या आईला विचारा, एवढा कसला निचरा? तो नुसता हसला आणि ढकलगाडीचं चाक धुवायला गेला. या घरात ढकलगाडी कोण वापरतं, देव जाणे.

रात्री जेवताना पुन्हा तोच प्रश्न, "किती झाले?" "एकशे बारा." सासूबाई बोटांवर काहीतरी मोजत होत्या. मी किती दिवसांत घरी बसते तेच मोजत असतील.

वाईट वाटलं, खरं सांगते. मी यांच्या पाठदुखीला दोन वर्षं तेल चोळलं. एकदा तरी म्हणावं, होईल गं तुझं.

५ फेब्रुवारी

तीनशे!

तीनशे, तीनशे, तीनशे! मुदतीच्या तेवीस दिवस आधी! अहवाल लिहिला, सुबक बांधला, विभागाच्या साहेबांकडे दिला. साहेब चाळून म्हणाले, "बाई, ही आपल्याच भागाची माती आहे ना?" मी म्हटलं, "साहेब, आपण आपल्या भागाला कमी लेखतो." त्यांना पटलं. पुढे पाठवला.

सासूबाईंनी ऐकलं आणि चटकन तोंड फिरवून भिंतीकडे पाहत राहिल्या. जाऊ दे. आज मला कुणाचा राग नाही.

१५ फेब्रुवारी

आज जे झालं ते क्रमाने लिहिलं नाही तर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

सकाळी संस्थेचं उत्तर आलं. "अहवाल वाचून अतिशय आनंद झाला. आपल्या भागातली जमीन उत्कृष्ट असून तिला कोणत्याही मदतीची गरज नाही. अभिनंदन. यंत्र अधिक गरजू भागात हलवण्यासाठी आमच्या प्रतिनिधी २८ तारखेला येतील."

मी खुर्चीवर बसले ती बसलेच. पहिल्या नंबराने पास झालो म्हणून शाळेतून नाव काढलं! चुना नाही, खत नाही, प्रयोगशाळा नाही. कुलूप लावलं आणि तशीच रडत घरी निघाले. पुढच्या दाराने जाऊन सासूबाईंना तोंड दाखवायचं नव्हतं, म्हणून मागून आत शिरले, आणि थेट खड्ड्यात पडले.

कमरेपर्यंत! खड्ड्याच्या काठावर सासूबाई, हातात खुरपं. त्यांच्या शेजारी छत्रीवाले काका, हातात माझ्या प्रयोगशाळेची पिशवी, अर्धी भरलेली. काकांनी छत्री उघडून तिच्याआड तोंड लपवलं.

मी समोर पाहिलं तर माझ्या नाकासमोर मातीची भिंत. काळीभोर, भुसभुशीत. आणि तिच्यात अंड्याची टरफलं.

"आई," मी म्हटलं, "किती जणांना दिलीत?"

"मोजून दोनशे त्रेसष्ट. आणि वर थोड्या, एखादी सांडली-लवंडली तर असाव्यात म्हणून."

सासूबाई सुरू झाल्या. "तू फळा लिहिलास. या काकांचं नाव लाल खडूने, येताजाता लोक विचारायचे, काय काका, नापास का? भल्या माणसाने वर्षभर बाजाराची वाट बदलली. मग कोण आणणार माती? अगं, पाहुणे मुलगी बघायला येणार असले तर घरातला चांगला कपडा काढतात, फाटका नव्हे. परदेशातलं यंत्र माती बघणार, तर लोकांना वाटणारच, चांगली न्यावी. ती कुठे आहे? माझ्याकडे. मी म्हटलं, न्या! माझ्या वाफ्यात खोट काढून दाखवावी त्या यंत्राने!"

"पण आई, तुम्हाला तर मी घरीच हवी होते ना?"

"तू? घरी?" त्या मागेच सरकल्या. "रविवारचा एक दिवस कसाबसा काढते मी. माझ्या बरण्या हलवतेस, मला निचरा शिकवतेस. सातही दिवस? मला अजून जगायचंय गं!" मग खुरप्याची माती झटकत, दुसरीकडे बघत म्हणाल्या, "आणि त्या पांढऱ्या कोटात तू चांगली दिसतेस. घरात कुठे घालणार आहेस तो?"

मी खड्ड्यातच बसून रडले. मग हसले. काकांनी छत्री मिटली आणि मला हात देऊन वर काढलं. मग मी पत्र वाचून दाखवलं. "म्हणजे मीच घालवली तुझी नोकरी," एवढंच सासूबाई म्हणाल्या आणि ओट्यावर मटकन बसल्या. नऊ वर्षांत मी त्यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं.

१६ फेब्रुवारी

सकाळी साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी पंखा वाढवला. म्हणाले, "चूक झाली असं लिहू नका. 'पुनर्तपासणी आवश्यक' असं लिहा." मी कच्चं लिहायला बसले, पण हात पुढे जाईना. शेवटी संस्थेला सरळ लिहिलं: दोनशे त्रेसष्ट नमुने एकाच वाफ्यातले आहेत, वाफा माझ्या सासूबाईंचा आहे, फळ्याची चूक माझी आहे, यंत्र न्यायच्या आधी आमची खरी माती एकदा बघा. साहेबांनी कपाळावर हात मारून सही केली.

फळा पुसला. तो पुसताना लाज वाटली. दोन वर्षं मी लोकांची नावं लाल खडूने लिहीत होते आणि म्हणत होते, हे येत का नाहीत.

बारा दिवसांत दोनशे त्रेसष्ट. कसं जमणार?

१७ फेब्रुवारी

सासूबाई सकाळीच प्रयोगशाळेत हजर. हातात पिशवी. टेकडीवरच्या आमच्या शेताची माती, जिच्याबद्दल घरात बोलायची सोय नाही. मी सांगितलं तसंच आणली होती: शेतात नागमोडी चालत दहा ठिकाणी वीतभर खणून, सगळी एकत्र करून. फिकट, चिकट, रया गेलेली.

सामू चार पूर्णांक सहा. आंबटढाण, चुन्याशिवाय पीक धरणार नाही अशी. मी हळूच म्हटलं, "आई, वाईट आहे."

"किती वाईट?"

"फार."

"मग लाव फळ्यावर. लाल खडूने. नाव मोठं काढ."

मी नको नको म्हणत होते. त्यांनी खडू माझ्या हातात कोंबला आणि लिहून होईपर्यंत पाठीशी उभ्या राहिल्या. मग दाराबाहेर खुर्ची टाकून फळ्याखाली बसल्या. लोक थांबू लागले. "अहो, तुमची माती नापास?" "नापास," सासूबाई म्हणाल्या, "तीस वर्षं नापास आहे आणि तीस वर्षं मी लपवतेय. जी आजारी आहे तिलाच औषध मिळणार आहे. तुमची ठणठणीत असेल तर घरी जा."

दुपारी छत्रीवाले काका आले. त्यांचा निकाल चार पूर्णांक तीन. त्यांनी फळा पाहिला, सासूबाईंकडे पाहिलं आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "तुमच्यापेक्षा माझी वाईट!" अख्खा रस्ता हसला. मी या माणसाला पहिल्यांदाच छत्री विसरून जाताना पाहिलं.

२२ फेब्रुवारी

लिहायला वेळ नाही. दारात रांग आहे. लोक निकाल घेऊन एकमेकांना दाखवतात: "माझा साडेचार!" "अरे जा, माझा चार चव्वेचाळीस!" एका बाईंची माती सहा पूर्णांक दोन आली तर त्या हिरमुसल्या, मला विचारतात पुन्हा तपासता येईल का.

फळ्यावर नाव लावायचं की नाही ते आता ज्याचं त्याला विचारते. सगळे लावा म्हणतात.

ओली माती सावलीत वाळायला दोन दिवस जातात. नवऱ्याने दुकानातल्या दोन जुन्या विजेच्या मोटारींना पाती बसवून एवढे मोठे पंखे केले की पहिल्यांदा सुरू केले तेव्हा सरकारी पत्रकं गावभर उडाली. सात हजारांचा एकदाचा प्रसार झाला.

सासूबाई पिशव्या घेतात. पिशवीत नुसता हात घालतात आणि ओळखतात. "ही बांधावरची आहे, परत जा." "ही शेणाच्या उकिरड्यापाशी खणलीस ना?" समोरचा मान खाली घालून परत जातो आणि खरी आणतो. मी हे चार वर्षं शिकले आणि मला अजून हाताने कळत नाही.

२७ फेब्रुवारी

दोनशे अठ्ठ्याण्णव. दोन कमी. संस्थेकडून पत्राला उत्तर नाही. उद्या प्रतिनिधी बाई येणार, आणि यंत्र भरायला रिकामं खोकं साहेबांच्या कचेरीत आजच येऊन पडलंय. नवरा म्हणाला, "दोनच कमी आहेत की!" आज पहिल्यांदा त्याचं म्हणणं बरं वाटलं.

२८ फेब्रुवारी, बुधवार

परदेशी बाई उंच, साठीच्या, पायांत चिखलाचे बूट. सोबत दुभाषी आणि घाम पुसणारे आमचे साहेब. मी आदल्या दिवसापासून पाठ केलेलं स्वागत विसरले.

बाई फळ्यासमोर उभ्या राहिल्या. वरपासून खालपर्यंत लाल. बराच वेळ वाचत होत्या. मग पिशवीतून माझं पत्र काढलं आणि दुभाष्यामार्फत म्हणाल्या, "मी बावीस वर्षं हे काम करतेय. मला रोज अहवाल येतात, सगळं उत्तम आहे म्हणून. चुकलं असं लिहिणारं हे पहिलं पत्र. तुम्ही का लिहिलंत?"

मी म्हटलं, "खड्ड्यात पडले म्हणून."

दुभाष्याने दोनदा विचारून खात्री केली, मग सांगितलं. बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग म्हणाल्या, तो खड्डा बघायचाय.

सगळी वरात आमच्या परसात. बाई बूट घालून खड्ड्यात उतरल्या, माती चोळली, हुंगली. "ही कशी केली?" सासूबाई सांगायला लागल्या. सालं कधी, राख किती, पाला कुठे कुजवायचा, पाणी केव्हा तोडायचं. दोघी पाऊण तास बोलत होत्या. दुभाषी मध्येच दमून ओट्यावर बसला तरी त्यांचं चालूच होतं, कुणाचं काही अडलं नाही. शेवटी बाई साहेबांना म्हणाल्या, "चुना आम्ही देऊच. पण खत बोटीने का आणायचं? या करतात तसं इथेच करायचा खर्च आम्ही देऊ, आणि शिकवतील या."

परत आलो तेव्हा दारात पाच जण वाळलेल्या मातीच्या पिशव्या घेऊन उभे होते. बाईंनी बाह्या वर करून माझ्याबरोबर नळ्या धुतल्या. चार वाजून वीस मिनिटांनी तीनशे. त्यानंतरही तीन केले, रांगेतल्यांना परत कसं पाठवायचं?

रिकामं खोकं सासूबाईंनी मागून घेतलं. त्यात पाला कुजवणार आहेत.

१९ मार्च

मंजुरी आली! प्रयोगशाळा सरकारच्या स्वतःच्या खर्चात. मी कायम. साहेबांनी पेढे नसले तरी चहा सगळ्यांना पाजला, स्वतःच्या खिशातून, हे इथे मुद्दाम नोंदवते.

शिवाय एक नवी जागा, नमुने गोळा करणाऱ्याची, रोजंदारीवर. परवा मुलाखती. प्रयोगशाळेची प्रमुख म्हणून मीही मुलाखत घ्यायला बसणार. प्रमुख! आरशासमोर कोट घालून दोनदा पाहिलं.

२१ मार्च

अर्ज तीन. दोघे "रोज शेतात हिंडावं लागेल" हे ऐकून निघून गेले. तिसऱ्या उमेदवाराला बोलावलं, आणि दारातून सासूबाई आत आल्या. इस्त्रीचे कपडे, केस चापूनचोपून. घरात एका शब्दाने बोलल्या नव्हत्या! माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. साहेबांना म्हणाल्या, "बसू का?"

नात्यातलं माणूस असलं की उठावं लागतं, नियम आहे. मी उठून बाहेर गेले. खिडकीखाली उभं राहू नये असा नियम कुठे वाचला नाही.

"अनुभव?" साहेबांनी विचारलं.

"तीस वर्षं माती. आणि याच कचेरीला दोनशे त्रेसष्ट नमुने दिलेत. चुकीचे, पण वेळेत."

साहेब खोकले. हसू दाबलं असावं. मग म्हणाले, "हे बघा, मला विचारावंच लागेल. इथे तुम्हाला सुनेच्या हाताखाली काम करावं लागेल. ती सांगेल ते ऐकावं लागेल. जमेल?"

मी खिडकीच्या आणखी जवळ सरकले.

"नऊ वर्षं ती माझ्या हाताखाली होती," सासूबाई म्हणाल्या. "मी तिला एकदाही शाबास म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं, जमलं नाही. तरी ती रोज उठून सगळं करत राहिली. स्वतःची चूक एवढ्या मोठ्या लोकांना लिहून कळवायची हिंमत माझ्यात नाही, तिच्यात आहे. अशा बाईच्या हाताखाली काम करायला मिळतंय, तर जमेल का काय विचारता? पण साहेब, हे तिला सांगू नका हं. डोक्यावर बसेल."

साहेबांनी सांगितलं नाही. मीही, ऐकलं म्हणून, कधी सांगणार नाही. फक्त इथे लिहून ठेवते, अक्षर जरा ओलं झालंय.

दोघी चालत घरी आलो. वाटेत त्यांनी विचारलं, "उद्या किती वाजता यायचं?"

"नऊला. उशीर चालणार नाही."

"बरं, बाई," त्या म्हणाल्या, आणि दहा पावलं गेल्यावर माझ्या कोटाच्या कॉलरवरची माती झटकली.